अंड्याला खिडकी पाडणारे सर

आमच्या सरांना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ‘कधी?’ एकदा शिपाई धावत आला आणि म्हणाला, “सर, तुमची सायकल गेली.” कोणी नेली, कुठून नेली, यातलं सरांनी काही विचारलं नाही. “कधी?” शिपाई म्हणाला, “आत्ताच.” “मग फार लांब गेली नसेल,” असं म्हणून सरांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं. सायकल खरंच लांब गेली नव्हती. केमिस्ट्रीचा एक मुलगा ती घेऊन चहाला गेला होता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धुळ्याच्या एका कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. मी पारोळ्याकडच्या एका खेड्यातून आलेली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. त्या तीन वर्षांत मी जे शिकले त्यातलं बरंचसं विसरले आहे. पण त्या प्रयोगशाळेतल्या दुपारी विसरता येत नाहीत. बाहेर कडुनिंबाची सळसळ, कॉलेज निम्मं झोपेत, आणि आत काळा पडदा ओढून केलेल्या अंधारात सर एका बल्बसमोर अंडं धरून उभे. उजेड आरपार जायचा. सगळं अंडं आतून नारिंगी दिसायचं, आणि त्या नारिंगीत लाल रेषांचं एक कोळ्याचं जाळं. जाळ्याच्या मधोमध एक ठिपका उडत असायचा. सर कुजबुजत म्हणायचे, “तिसरा दिवस. आता मोठ्याने बोलू नका.” आपण मोठ्याने बोललो तर त्या ठिपक्याला काही होणार नाही, हे आम्हाला माहीत होतं. तरी कोणी बोलायचं नाही.

त्या अंड्याला ते खिडकी पाडायचे. खिडकी हा त्यांचाच शब्द. बारीक पात्याने कवचाचा चौकोनी तुकडा अलगद उचलायचा, आत काम करायचं आणि वरून चिकटपट्टी लावून अंडं परत पेटीत ठेवायचं. पेटी म्हणजे त्यांनी स्वतः ठोकलेलं लाकडी खोकं. आत साठचा बल्ब, एक थर्मामीटर आणि पाण्याची वाटी. खिडकीतून दिसणारं ते पिल्लू वाटाण्याएवढंही नसायचं. डोळा मात्र मोठा, काळाभोर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, तेच आपल्याकडे बघतंय.

हे सगळं करणारा माणूस जैन होता. धुळ्यातल्या एका गल्लीत त्यांच्या घरचं कापडाचं दुकान. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, घरात कांदा-लसूण नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. आणि या घरचा मोठा मुलगा सायकलच्या हँडलला भुशाची पिशवी अडकवून मोहल्ल्या-मोहल्ल्यातून अंडी विकत घेत हिंडायचा. नुसती अंडी त्यांना चालत नसत, त्यातून पिल्लू निघेल अशी लागत. त्यामुळे दारात उभे राहून ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे, “तुमच्याकडे कोंबडा आहे का?” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एका आजीबाईंनी तर त्यांना सांगितलं होतं, “कोंबडा शे बाप्पा, पन तो काई अंडा देत नई.” सरांनी तिचेही आभार मानले होते.

त्यांचे वडील त्यांच्याशी बोलत नसत. दुकानात जायचं तर आधी अंघोळ, मग वेगळे कपडे, आणि बसायला कोपऱ्यातली एक वेगळी चटई. सर हे सगळं निमूट पाळायचे. वडिलांचं चुकतं असं ते कधी म्हणाले नाहीत. आमच्यातल्या एका आगाऊ मुलाने विचारलं, “सर, तुम्हाला पाप नाही का लागत?” सर जरा विचार करून म्हणाले, “लागत असेल.” पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी, ते उपाशीपोटी प्रयोगशाळेत यायचे. वर्षभराचं रजिस्टर उघडायचे आणि उघडलेल्या प्रत्येक अंड्याचा क्रमांक वाचून हात जोडायचे. आम्ही दाराच्या फटीतून बघायचो. हसू यायचं, आणि मग यायचं नाही.

ते काय शोधत होते ते एका वाक्यात सांगता येईल. हाताला कसं कळतं की अंगठा इकडे काढायचा आणि करंगळी तिकडे?

याचं उत्तर त्या काळी परदेशात नुकतं कुठे सापडू लागलं होतं. सरांकडे पोस्टाने झेरॉक्सचे गठ्ठे यायचे. पुसट अक्षरं, कडेला काळे पट्टे. ते वाचून सर इतके खूश व्हायचे की जणू त्यांच्या नावाने घरचं पत्र आलं आहे. “ऐका! माशीत जी जनुकं डोकं कुठे, पोट कुठे हे सांगतात, तीच कोंबडीत आहेत. तीच तुमच्यात. आणि रांगेत बसली आहेत. डोक्याकडची आधी, शेपटीकडची शेवटी. रांगसुद्धा मोडलेली नाही!” मग ते खिडकीबाहेर बघत राहायचे. तास संपायचा तरी ते तिकडेच.

शिकवताना मात्र ते थेट कापडाच्या दुकानात शिरायचे. “शिंपी कापड कापण्याआधी काय करतो? खडूने खुणा करतो. इथे बाही, इथे गळा. ही जनुकं म्हणजे खडूच्या खुणा. कात्री नंतर.” आणि खुणा कुठे करायच्या ते खडूला कोण सांगतं? तिथे यायचं त्यांचं लाडकं अ जीवनसत्त्व. रातांधळं होऊ नये म्हणून सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या तोंडात ज्याचा डोस ओततात, पपईत आणि शेवग्याच्या पाल्यात ज्याची सोय असते, तेच. शरीर त्याचंच एक रूप आतल्या आत तयार करतं आणि ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झिरपत जातं. हे सांगताना सर विचारायचे, “घरात मिरच्या भाजल्या तर काय होतं? चुलीपाशी ठसका लागतो. ओट्यावर शिंक येते. गल्लीच्या कोपऱ्यावर नुसता वास येतो. डोळे बांधले तरी तुम्ही सांगाल, मी कुठे उभा आहे. पेशीसुद्धा असंच ओळखते.” ज्या घरात मिरचीचा ठेचा दिवसाआड होतो तिथल्या पोरांना हे न समजून चालतंय कुठे! परीक्षेत आम्ही सगळ्यांनी मिरच्याच लिहिल्या, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी म्हणे सरांना चिठ्ठी पाठवून विचारलं, हा काय प्रकार आहे.

“कमी पडलं तरी बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं,” असं ते मुलींना बजावायचे. “आणि भलत्या वेळी मिळालं तर सगळ्यात जास्त.” त्या ‘वेळी’वर ते असा जोर द्यायचे की आम्हाला वाटायचं आता परत सायकलची गोष्ट निघणार.

त्यांचा प्रयोगही हाच. चौथ्या दिवसाच्या आसपास पिल्लाच्या अंगाला पंखाचा कोंब फुटतो. त्या कोंबाच्या अंगठ्याकडच्या बाजूला त्याच जीवनसत्त्वाच्या औषधात भिजवलेला, मोहरीएवढा शोषक कागदाचा तुकडा ठेवायचा. म्हणजे जिथे मिरचीचा नुसता वास यायचा तिथेच चूल पेटवायची. तसं झालं तर पेशींचा गोंधळ होतो आणि बोटं दोनदा उमटतात, असं झेरॉक्समध्ये लिहिलं होतं. सरांकडे झेरॉक्समधलं औषध नव्हतं, दवाखान्यातल्या डोसावर भागवायचं, परदेशातली यंत्रं नव्हती, आणि धुळ्याची वीज तर काय, पाहुण्यासारखी. कधी येईल, कधी जाईल. बल्ब विझला की पिल्लं गार पडायची. वर्षानुवर्षं प्रयोग फसत होता. फक्त मे महिन्यात ते निर्धास्त असायचे. म्हणायचे, “आता पेटी कशाला? अख्खं धुळंच पेटी आहे.”

आता माझ्या हाताचं सांगते. माझ्या डाव्या अंगठ्याला आणखी एक छोटा अंगठा आहे. नखासकट. जन्मापासून. शाळेत मी तो ओढणीत गुंडाळून ठेवायची, कॉलेजात वहीखाली. त्याचा मला जेवढा त्रास झाला त्याच्या शंभरपट माझ्या आईला झाला. ती गरोदर असताना ग्रहणात तिने विळीवर काकडी कापली, आणि म्हणून माझा अंगठा असा झाला, असं आमच्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने, मी जन्मले त्या दिवशी सांगितलं. पुढे आयुष्यभर सांगितलं. आल्यागेल्याला, पाणवठ्यावर, लग्नात. आईने कधी उलट शब्द काढला नाही. डॉक्टरांनी ‘लहानपणीच काढून टाकू’ म्हटलं तेव्हा मात्र ती मला घेऊन दवाखान्यातून उठून आली. “एकदाव कापं ते हाई व्हयनं,” म्हणाली. पुन्हा माझ्या हाताजवळ पातं येऊ द्यायला ती तयार नव्हती.

आणि मी? मी दुसऱ्या वर्षाला गर्भविज्ञानात वर्गात पहिली होते. माणसाच्या हाताची बोटं कितव्या आठवड्यात सुटी होतात हे मी पाच मार्कांसाठी आकृतीसह लिहिलं होतं. ते लिहिताना डावा हात नेहमीप्रमाणे वहीखाली होता, आणि त्या उत्तराचा या हाताशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पुस्तकातला हात वेगळा आणि आपला वेगळा, असं मी धरून चालले होते. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

सरांना तो अंगठा दिसला त्याच वर्षी, हिवाळ्यातल्या एका दुपारी. प्रॅक्टिकल चालू असताना वीज गेली आणि तासभर आलीच नाही. पेटीतला पारा उतरायला लागला तसे सर कासावीस झाले. मग त्यांनी काय करावं? पेटीतली अंडी काढून आम्हा मुला-मुलींना एकेक वाटली. “दोन्ही तळहातांत धरा. छातीशी धरा. उभं राहू नका, हसू नका.” माझ्यापुढे आले तेव्हा मी उजवा हात पुढे केला. “डावा पण,” सर म्हणाले. मी काढला. त्यांनी त्या अंगठ्याकडे पाहिलं, नेमकं पाहिलं, सूक्ष्मदर्शकात पाहतात तसं. कीव नव्हती, टाळणं नव्हतं. मग माझ्या दोन्ही तळव्यांत अंडं ठेवून पुढच्या मुलाकडे गेले. त्या थंड खोलीत आम्ही वीस-बावीस जण छातीशी अंडी धरून बसलो होतो. बाहेर ऊन उतरत चाललं होतं. माझ्या हातातलं ते ऊबदार ओझं इतकं हलकं होतं की मधूनच वाटायचं, आपण रिकामेच हात जोडून बसलोय. तो हात इतका वेळ सगळ्यांसमोर उघडा राहिल्याची ती पहिलीच वेळ. वीज आली तेव्हा मला वाईट वाटलं.

पुढे काही दिवसांनी सरांनी मला बोलावलं. काचेच्या बशीत निळ्या रंगात बुडवलेला एक पंख होता, नखाएवढा. हाडं निळी, बाकी सगळं पारदर्शक. “बोटं मोज.” कोंबडीच्या पंखात तीन बोटं असतात. मी मोजली. चार होती. इतक्या वर्षांत हा एकच पंख साधला होता त्यांना, आणि तो त्यांनी आधी मला दाखवला. म्हणाले, “ही चूक नाही. एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली, एवढंच.” मी मान हलवली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मी त्यांच्यासमोर रडले.

तो पंख त्यांनी कुठेही छापायला पाठवला नाही. एका पंखाने काही सिद्ध होत नाही म्हणायचे. नव्वदच्या पुढे कधीतरी निवृत्त झाले आणि दुकानात बसू लागले, कोपऱ्यातल्या चटईवर नव्हे, गादीवर. आता तेही नाहीत. माझ्याकडे त्यांचा एक फोटो असावा असं फार वाटतं, पण नाही.

आता आईचं. माझ्या शेवटच्या वर्षी, भाद्रपदात, घरून निरोप आला की वहिनीला दिवस गेले आहेत आणि आई मामाच्या गावाला जायला निघाली आहे. बाळंतपण होईपर्यंत ती परत येणार नव्हती. आपली सावली त्या पोरीवर नको, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. आजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तरी वहिनीला चौथा महिना लागेपर्यंत आईने तिच्यासमोर विळी हातात घेतली नव्हती, तिच्या ताटात स्वतः वाढलं नव्हतं. मला रडताना पाहून सरांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. आजीचं, काकडीचं, ग्रहणाचं. सर म्हणाले, “कधी?”

“काय कधी?”

“ग्रहण. कितव्या महिन्यात?”

मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं. दोष होता, मग वेळ कशाला विचारायची!

रविवारी सर माझ्याबरोबर एसटीत बसले. काखेत कापडी पिशवी. त्यांच्या दुकानात दर साल पंचांग घ्यायचं आणि जुनं फेकायचं नाही अशी रीत होती. त्या चळतीतून माझ्या जन्मसालचं पंचांग त्यांनी हुडकून आणलं होतं. ते मागायला वडिलांसमोर उभे राहिले होते, आणि वडील चक्क बोलले होते. म्हणाले होते, “सांभाळून ने.”

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आई ओट्यावर बसली होती, शेजारी गाठोडं बांधून तयार. कॉलेजचे मास्तर घरी आलेत म्हटल्यावर ती गडबडली, पदर सावरला. “बठा भाऊ. चहा ठेवस.” सर म्हणाले, “चहा नको अक्का. मला एवढंच सांगा, ग्रहण कधी होतं?”

आईचा चेहरा उतरला. आमच्या घरात तो शब्द आजीशिवाय कोणी उच्चारत नसे. ती पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. मग म्हणाली, “सर्वपित्रीले.”

सरांनी पंचांग काढलं, पानं उलटली, बोट ठेवलं. “बरोबर. भाद्रपद अमावास्या. सूर्यग्रहण. आणि मुलगी मार्गशीर्षात.” त्यांनी बोटांवर महिने मोजले. “म्हणजे सातवा चालू होता.”

“हाव. सातवा लागेल व्हता.”

सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वडिलांच्या त्या पंचांगाच्या समासात एक पाकळी काढली. “अक्का, दुसरा महिना लागतो तेव्हा बाळाचा हात असा असतो. बोटं नाहीत. दुसरा महिना सरता सरता सगळी बोटं सुटी होतात. किती अंगठे, ते तिथेच ठरतं. मग त्यात बदल नाही.” त्यांनी माझा डावा हात धरून पंचांगावर ठेवला. “तुम्ही काकडी कापली तेव्हा हा अंगठा तयार होऊन चार महिने झाले होते. ही पोर तो पोटात चोखतसुद्धा असेल.”

आई त्या पाकळीकडे बघत होती. दारात वहिनी उभी होती, तीही बघत होती.

“मंग हाई करं कोनी?”

“कोणीच नाही. कधी झालं ते मला सांगता येतं अक्का. का झालं, ते मलाही माहीत नाही. पण तुम्ही नाही केलं.”

आईला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिने नुसतं आजीच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. म्हणाली, “सासू ते गई. आते कोनले सांगू?”

सरांनी पंचांग मिटलं. मीच म्हणाले, “माले सांग.”

मग आईने सांगितलं. माझ्याकडे न बघता, ओट्याच्या कडेकडे बघत. “सकायपाईन सैपाक करा. पितरसना. खीर, वडा, बठ्ठं. गरन व्हतं म्हनीसन झाकी ठेवं, वर तुळसनं पान. कोनी खावानं नई. तू पोटमा लाथा मारी ऱ्हायनी व्हती. वाडामा काकडीना वेल व्हता. एक तोडी, कापी, खादी. सासूनी दखं. माले भूक लागेल व्हती व माय. दुसरं काही नई. कोनी इचारंच नई.”

वीस वर्षांत मी शंभरदा ती गोष्ट ऐकली होती. त्यात विळी होती, अमावास्या होती, आईचा उर्मटपणा होता. भूक पहिल्यांदाच आली. मी आईजवळ सरकून बसले.

सरांनी सूर्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला. “अक्का, दिवस मावळल्यावर मी खात नाही. आणि मला आता फार भूक लागली आहे. काकडी आहे का घरात?”

हे त्यांनी मुद्दाम केलं की त्यांना खरंच भूक लागली होती, ते मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. आई उठली. घरामागच्या वाड्यात जाऊन काकडी तोडून आणली, धुतली, विळी पुढे ओढली. विळी दिसताच वहिनी सवयीने आत जायला वळली.

“थांब,” आई म्हणाली.

तिने काकडी कापली. पहिल्या फोडीला मीठ लावलं. सरांनी हात पुढे केला होता. त्यांचा हात तसाच राहिला, कारण आई त्यांना ओलांडून दारापाशी गेली होती. ती फोड तिने वहिनीच्या तोंडाजवळ धरली.

“खा व माय,” ती म्हणाली. “भूक लागनी व्हई तुले.”

वहिनीने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.